करंजपेठेतला नाश्ता

११ मार्च, लातूर

विश्रामगृहात याही खेपेला जागा नाही. चौकीदार म्हणाला, "सायेब, नव्या हापिसाचे लोक दिवाळीपासून हितंच ऱ्हायलेत. तुमाला कुठं घालू?" नवा जिल्हा झाला आणि सगळ्यात आधी खाटा संपल्या. आमचं ऑफिस भाड्याच्या घरात. पाटीवर 'लातूर' रंगवलंय, पण तिरपं ऊन पडलं की खालचं 'उस्मानाबाद' अजून वाचता येतं.

मग नेहमीप्रमाणे शेटेकाकूंची माडी. खोली, गादी, सकाळी चहा आणि मुरमुऱ्यांची सुशीला. काकूंचे नियम भिंतीवर नाहीत, तोंडात आहेत. अंघोळ एक दिवसाआड. दाढीचं पाणी कढीपत्त्याला. पाय धुवायचे तर अंगणात, लिंबाच्या बुडाशी. "नांदेडला गोदावरी असंल तुमच्या, हितं नळाला वाराच येतो." सुशीला मात्र झकास. मुरमुरे भिजवायलाही पाणी लागतं, तेवढ्याला काकू का-कू करत नाहीत.

लॉजवर उतरत नाही म्हणून ऑफिसात चेष्टा होते. होऊ दे. लॉजवर पाणी तेवढंच आणि वर ढेकूण. घरात सकाळी फोडणीचा वास येतो, कुणीतरी "उठलात का" म्हणतं. फिरतीच्या माणसाला आणखी काय पाहिजे.

१२ मार्च, लातूर

डेप्युटी साहेबांनी टंचाईतली गावं वाटून दिली. माझ्याकडे औसा तालुक्यातली. गावात जायचं, यंत्र लावायचं, जमिनीखाली पाणी कुठं असेल ते बघायचं, तिथं खुंटी ठोकायची. मागून बोअरची गाडी येते आणि खुंटीवर भोक पाडते. एका गावाला एकच बोअर. दुसरा मागायचा नाही.

उठताना साहेब म्हणाले, "सूर्यवंशी, यंदा बिलोलीसारखं नको."

बिलोलीसारखं म्हणजे काय ते न सांगताच सगळे हसले. मागच्या उन्हाळ्यात बिलोलीकडच्या एका गावात यंत्र बौद्धवस्तीत बोललं, म्हणून खुंटी तिथं ठोकली. पाणीही लागलं. तरी तक्रारीचा अर्ज गेलाच, साहेबाने आपल्या लोकांना बोअर दिला म्हणून. सूर्यवंशी नावावरून आधी कुणाला कळलं नव्हतं, मग शोधून काढलं. चौकशी झाली. सुटलो. पण सुटलेल्या माणसाकडेही लोक बघतातच.

१६ मार्च, करंजपेठ

औशाहून एसटीने. सोबत आमचा खलाशी, म्हणजे सामान उचलणारा, केबल ओढणारा मारोती, केबलची रिळं, यंत्राची पेटी. मारोतीची सासुरवाडी जवळच्याच गावात, तो तिकडे पळाला. मी रशीद मास्टरांकडे.

मास्टर गावचे शिंपी. खाली मशीन, वर एक खोली. मुक्कामी गाडीचा कंडक्टर, लस टोचणारे, मोजणीवाले, सगळे इथंच उतरतात. लोखंडी खाट, खुंटीला कंदील, कोनाड्यात आरसा. मास्टर कमी बोलतात, तोंडात टाचण्या असतात म्हणून. बायको खैरुनबी, मी खाला म्हणजे मावशी म्हणू लागलो, ती सगळ्यांचं बोलणं एकटी बोलते.

"साब, कायका डिपार्टमेंट?"

"पाण्याचं."

खालाने खाटेवरची गोधडी झटकली. मग म्हणाली, "बैठो, चाय रखती."

१७ मार्च, करंजपेठ

धपाटे, लसणाची चटणी, वर दही. दही कुठून आणलं देव जाणे, म्हशी तर छावणीला गेल्यात. अंघोळीला बादली भरून पाणी. नंतर खाली उतरलो तर मास्टर तांब्यात फडकं भिजवून मान पुसत होते. मी म्हणालो, खाला, मला एवढं नको. ती म्हणाली, "मेहमान हाय तुमी. घरका आदमी एक दिन नै न्हाया तो मरता क्या?" भाडं देणारा माणूस मेहमान कसा, हे मला कळलं नाही, पण बरं वाटलं. बरं वाटलं हे खरं लिहून ठेवतो.

सकाळी विहिरीवर गेलो. सगळ्या गावाला आता ही एकच. तळाशी डबकं, त्यात पोहरे आपटतात. पेठेतल्या बायांची रांग. बाजूला उतारावर दहा-बारा बाया घागरी पालथ्या घालून बसलेल्या. त्या ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतल्या. पेठेचं भरून झालं की मग त्यांचं. कुणी त्यांना बसा म्हणालं नाही, कुणी उठा म्हणालं नाही. खाला रांगेत पुढून तिसरी. मला पाहून हात हलवला.

दुपारी यंत्र लावलं. आधी पेठेत, मास्टरांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत. आकडे मरतुकडे. मग ओढ्यापलीकडे, वस्तीत. तिथं काटा असा काही बोलला की मी पुन्हा केबल पसरायला लावली. पुन्हा तेच. चांगलं आहे. फार चांगलं आहे.

एक म्हातारी जवळ येऊन बसली. गयाबाई. पोरांना हाकलत होती, "तारंवर पाय देऊ नका रं." मग मला, "कुण्या गावचा रं बाबा तू?" सांगितलं. तिने सोयरीक काढली. किनवटला दिलेली तिची भाची आमच्या गल्लीतल्या कुणाची तरी चुलत सासू निघाली. मग उठून नीट उभी राहून म्हणाली, "जयभीम."

मी जयभीम म्हणालो. हळू म्हणालो. मारोती रीळ गुंडाळत होता आणि दोन पेठेतली माणसं झाडाखाली उभी होती, म्हणून.

१८ मार्च, करंजपेठ

आज ज्वारीच्या पिठाची धिरडी आणि गूळ. खाला शेजारी बसून वारा घालत होती. मला एवढी सवय नाही, घरी सुमन ताट ठेवून शाळेला पळते.

"साब, एक बात पूछू? हमारे पिछू निकलेंगा क्या पानी?"

मी म्हणालो, बघू.

"मेरे घुटने गये, साब. उतरताना विहीर दिसती, चढताना अल्ला दिसता."

दहा वाजता सरपंच, ग्रामसेवक, पेठेतली चार माणसं आली. सरपंच म्हणाले, "सायेब, तुमी शिकले-सवरलेले. सगळ्या गावाचं बघून करा. नाहीतर मागनं लोक काय बी बोलतेत." बोलताना माझ्याकडे नाही, मारोतीकडे बघत होते. म्हणजे बिलोलीची गोष्ट इथवर आलेली आहे.

खुंटी ठोकली. मास्टरांच्या घरामागं.

कागदावर लिहिलं, "जागा मध्यवर्ती व सर्वांना सोयीची." मारोती म्हणाला, "बरं केलं सायेब. झंझट नको."

१८ मार्च, संध्याकाळी, औसा स्टँड

गाडीला वेळ आहे. मध्यवर्ती हा शब्द खोटा आहे. वस्तीतून ओढा उतरून चढून पेठेच्या मागं यायचं हे कुणाच्या सोयीचं? मी का केलं ते मला माहीत आहे. भ्यालो. पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी, पुन्हा ते हसणं. आणि दुसरं, धिरडी. लाज वाटते लिहायला, पण हातात हातोडा होता तेव्हा डोळ्यांपुढे म्हातारीचे गुडघे होते. खालाचे. गयाबाईचे नव्हते. गयाबाई तर तिच्याहून म्हातारी.

खालच्या खडकात पाणी नसेल तर खालाचंही भलं झालं नाही.

२० मार्च, लातूर

अहवाल दिला. साहेब खूश. "करंजपेठचं शांततेत झालं म्हणे. शाब्बास." शेटेकाकूंनी पोह्यांवर शेव घातली. ताटली अर्धी ठेवली. म्हणाल्या, "पित्त झालं असंल, लिंबू घ्या."

२७ मार्च, करंजपेठ

शेजारच्या गावाचं काम, मुक्काम पुन्हा मास्टरांकडेच. औशाहून येऊन-जाऊन करता आलं असतं, पण मारोती म्हणाला मास्टर वाट बघतेत. यायलाच नको होतं.

गल्लीत वळलो तर मास्टरांच्या माळवदावरून गोधड्या वाळत टाकलेल्या. सगळ्या. धुतलेल्या. दारात आलो तर खाला हसत उभी. "तुमारे खाट की भी धोयी. सालभर धोयी नै थी. अब काय को रखना, पानी आताच हाय."

दोन रांजण साठवून ठेवले होते तिने. एक संपवला.

मी म्हणालो, खाला, गाडी कधी येईल सांगता येत नाही, पाणी लागेलच असंही नाही. ती म्हणाली, "तुमी सोचके ठोक्या ना खुंटी? बस." मास्टरांनी तोंडातल्या टाचण्या काढून सांगितलं की गल्लीतल्या लोकांनी खुंटीभोवती दगड रचलेत, पोरांनी हलवू नये म्हणून.

स्वच्छ गोधडीवर पडलो. उन्हाचा वास येत होता. इतकी सुखाची खाट आणि इतकी वाईट झोप.

२८ मार्च, करंजपेठ

सकाळी अंघोळीला दोन बादल्या. एक परत नेऊन रांजणात ओतली. खालाने पुन्हा आणून ठेवली. शेवटी न्हालो. दुसरं काय करणार, पुन्हा ओतली तर तिने पुन्हा आणली असती. न्हाताना स्वतःला शिव्या दिल्या.

नाश्त्याला अंडी. खोलीच्या भाड्यात अंडी बसत नाहीत. नको म्हणालो, तर मास्टर म्हणाले, "खाव साब. पूरी गल्ली की तरफ से हाय."

जाताना ओढ्यापलीकडे गेलो. का गेलो माहीत नाही. गयाबाई दारात गवऱ्या रचत होती. मला वाटलं बोलेल काहीतरी, तक्रार करेल, शिव्या घालेल. तर म्हणाली, "चा घेतो का? दूध न्हाई, काळा हाय." मी नको म्हणालो. पाण्याचा विचार करून नको म्हणालो, पण तिला वेगळं वाटलं असणार. तिचा चेहरा पडला. आपल्याच माणसाने घरचा चहा नाकारला. परत वळून सांगणार होतो की तसं नाही, पण मारोती एसटी आली म्हणून हाका मारत होता.

तिथं अंडी खाल्ली आणि इथं चहा नाकारला. मी कुणाचा माणूस आहे?

१४ एप्रिल, नांदेड

घरी. सकाळी बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायला सुमनने मला पुढं केलं. हार घातला. वर बघवलं नाही. दुपारी मिरवणुकीत गेलो नाही, डोकं दुखतंय म्हणालो.

सुमनने ओळखलं. कणीक मळत होती, मळता मळता तिने विचारलं, मग मी सांगितलं सगळं. धपाटे, गुडघे, गोधड्या, काळा चहा. तिने कणकेचा गोळा झाकून ठेवला. मग म्हणाली, "बिलोलीत बरोबर होता तर चौकशी झाली. इथं चुकलात तर शाबासकी मिळाली. म्हणून तुम्हाला वाटलं हेच बरं."

मी म्हणालो, त्या बाईने मला इतकं केलं गं.

"तिने पाहुण्याला केलं. तुम्ही तिला सरकारचा बोअर दिला. तोही कोरडा निघणारा."

रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर भांडलो तरी असतो.

१६ एप्रिल, लातूर

साहेबांकडे गेलो. म्हणालो, करंजपेठची जागा चुकली आहे, बदलायची आहे. यंत्राचे खरे आकडे पुढं ठेवले. त्यांनी चष्मा काढला. "सूर्यवंशी, तुम्हाला माझं ऐकायचंच नाही का? गाडी या आठवड्यात निघते. अहवाल मंजूर आहे."

मी म्हणालो, लेखी देतो, चूक माझी आहे.

"द्या. आणि गावासमोर तुमच्या हाताने खुंटी हलवा. उद्या मला कुणी म्हणायला नको की ऑफिसने केलं. अर्ज आला तर मी मध्ये पडणार नाही."

लेखी दिलं. बाहेर आलो तर भूक लागली होती. काकूंकडे दोन ताटल्या सुशीला खाल्ली. काकू म्हणाल्या, "पित्त गेलं वाटतं." गेलं नाही काकू. आता खरं चढायचंय.

१९ एप्रिल, करंजपेठ

आलो. सरळ सरपंचांकडे जायचं ठरवून आलो आणि पाय मास्टरांच्या जिन्यावर चढले. खालाने कंदिलाची काच पुसून ठेवली होती. "गाडी कल आती ना साब?" बातमी माझ्या आधी पोचलीय. गल्लीत लहान पोरं गाडी-गाडी खेळतायत, एक पोरगं उभं राहून गिरमिटासारखं फिरतं, बाकीचे "लागलं, लागलं" ओरडतात.

आज सांगायचं होतं. जेवण नेहमी बाहेर करतो, आज मास्टरांनी खालीच बसवलं. एका ताटात. सांगता आलं नाही. उद्या सकाळी, नाश्त्याच्या आधी. नाश्ता खाऊन सांगणं हरामखोरपणा होईल.

२० एप्रिल, करंजपेठ

नाश्त्याच्या आधी सांगायचं होतं. खाली उतरलो तर ताट वाढलेलं. शेवयाची खीर. मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "खाला, मास्टर, मी खुंटी चुकीची ठोकली. मागच्या खडकात पाणी नाही. असलं तर थेंबभर. ओढ्यापलीकडे आहे. आज तिकडं हलवणार."

मास्टर मशीनवर होते. पाय थांबला.

खाला म्हणाली, "मालूम था तुमकू? उस दिन भी?"

हो म्हणालो.

"तो ठोक्या कायकू?"

म्हणालो, भ्यालो. आणि तुम्ही फार केलं माझं.

ती खाली बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं रडेल, किंवा म्हणेल नीघ माझ्या घरातून. माझी बॅग दारातच होती. पण तिने एवढंच विचारलं, अगदी हळू, मास्टरांनाही ऐकू जाऊ नये असं, "वो लोगां हमकू भरने देंगे क्या, साब? उधर?"

उतारावर पालथ्या घागरी घेऊन बसलेल्या बाया माझ्या डोळ्यांपुढे आल्या. तिच्याही आल्या असाव्यात, कारण तिने मान वर केली नाही.

देतील की नाही, मला माहीतच नव्हतं.

दहा वाजता सरपंच, माणसं. आरडाओरडा झाला. "बिलोलीचं खरं होतं तर!" एकजण असंच म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. दगड बाजूला करून खुंटी उपटली. मारोती पुढं आला नाही, मीच उपटली. गल्लीतलं कुणी आडवं आलं नाही, ते सगळ्यात अवघड गेलं. नुसते बघत राहिले. मास्टर दारात उभे, हातात कुणाचा तरी अर्धा शिवलेला सदरा.

ओढा उतरलो. वस्तीत खुंटी ठोकली. बाया जमल्या, पण कुणी हसलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. गयाबाई मागे उभी होती. तिला बाजूला घेऊन विचारलं. मला विचारायचा काय अधिकार, पण विचारलं. "आजी, पाणी लागलं तर पेठेतल्या बाया येतील. तुम्ही कसं करणार?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"मला काय इचारतो? त्याह्यला इचारलं हुतं का कधी?"

मग घागर उचलून विहिरीकडं गेली. आजही उतारावर बसायला.

२० एप्रिल, संध्याकाळ, करंजपेठ स्टँड

बोअरची गाडी औशात बिघडलीय. उद्या येईल म्हणतात, सकाळी. मला थांबलंच पाहिजे, गाडी येईल तेव्हा खुंटीपाशी मी हवा.

राहायचं कुठं? मास्टरांनी खोली बंद केलेली नाही. निरोप नाही, काही नाही, माडीची खिडकी उघडी दिसते. वस्तीतून एक पोरगी सांगून गेली, आजीनं झोपायला बोलावलंय. दोन्हीकडून कुणी रागावलेलं नाही, असं कसं? शिव्या घातल्या असत्या तर पाय एकीकडे वळले तरी असते.

मास्टरांकडे गेलो तर खालाच्या हातचं खाऊन उद्या गाडीपुढं उभा राहीन. गयाबाईकडे गेलो तर पेठ म्हणेल बघा, आम्ही सांगत होतो. आणि इथंच बाकड्यावर झोपलो तर दोघींच्या हातचं नाकारलं. एकदा नाकारून झालंय.

औशाची शेवटची गाडी आली आणि गेली. कंडक्टरने दार धरून दोनदा विचारलं, येणार का. बॅग उचलली होती. पुन्हा खाली ठेवली.